चालू खाते: २५ हजारवाले घ्यावे की लाखवाले?

द्रोण_पत्रावळी

नमस्कार मंडळी. नाशिकला डिस्पोजेबलचा होलसेल धंदा आहे: कागदी कप, द्रोण, सिल्व्हर पाऊच, कॅरीबॅग. प्रोप्रायटरशिप, जीएसटी रेग्युलर. सध्याच्या बँकेची शाखा लांब पडते, म्हणून दुकानाजवळ नवे चालू खाते उघडायचे आहे. दोन बँकांनी दर दिलेत. नावे मुद्दाम लिहीत नाही.

पहिली: महिन्याची सरासरी शिल्लक २५,०००. रोख भरणा महिन्याला ३ लाखांपर्यंत मोफत, पुढे हजारी साडेतीन रुपये.

दुसरी: सरासरी शिल्लक १ लाख, कमी पडली तर महिन्याला १,५०० दंड. रोख भरणा १२ लाखांपर्यंत मोफत.

माझा रोख भरणा महिन्याला साडेपाच लाखांच्या आसपास. शिवाय ३०-३५ एनईएफटी, ८-१० चेक, बाकी यूपीआय. गणपतीआधी आणि तुळशीच्या लग्नाआधी माल भरला की खाते तळाला जाते, वर्षातून साधारण तीन महिने. सीए म्हणतात, लाख रुपये अडकवू नका. बँकेचा माणूस अर्थातच दुसरे घ्या म्हणतो. दर्शनी तर पहिलेच स्वस्त दिसते. चुकतंय का काही?

जमाखर्च

किमान शिल्लक बघून खाते स्वस्त की महाग ठरवू नका. तुमच्या बाबतीत पैसा रोख भरण्यात जातोय.

पहिली बँक: साडेपाचातून तीन लाख गेले, उरले अडीच लाख. हजारी ३.५० ने ८७५ रु. महिना, वर्षाचे १०,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी लागेल, पण तुम्ही रेग्युलर आहात म्हणजे त्याचे क्रेडिट मिळते, तेवढा जीएसटी तुम्हाला कमी भरावा लागतो. अट एकच, बँकेत तुमचा जीएसटीआयएन (जीएसटी नंबर) नोंदलेला हवा. तो नसेल तर बँकेचे बिल तुमच्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत) उतरणार नाही आणि ते १८ टक्के अंगावर पडतील. खाते उघडण्याच्या फॉर्मवर तो रकाना असतो, पुष्कळ जण रिकामा सोडतात. (कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे विक्रीवर ठोक दराने जीएसटी भरणाऱ्यांना, क्रेडिट नाहीच, त्यांनी सगळे दर १८ टक्के वाढवून धरावेत.)

दुसरी बँक: ७५ हजार जास्तीचे पडून राहणार. चालू खात्यावर व्याज शून्य. हेच पैसे एफडीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर ४,८७५ रु. आले असते, तो खरा खर्च. तीन महिने दंड धरला तर ४,५००. एकूण ९,३७५.

म्हणजे दुसरी बँक वर्षाला १,१२५ रुपयांनी स्वस्त. पण दंड चार महिने बसला तर तीच १०,८७५ वर जाते आणि पहिली बरी ठरते. सगळा खेळ एका महिन्याच्या दंडावर आहे, त्यामुळे तुमचे ते 'साधारण तीन महिने' आधी स्टेटमेंटवरून नीट मोजा.

गल्ला_नंबर_चार

वरचे गणित बरोबर आहे, पण 'रोख मोफत' या दोन शब्दांच्या पोटात बरेच काही असते. शाखेत जाऊन हे विचारा:

मर्यादा ठरलेल्या रकमेची आहे की सरासरी शिल्लकेच्या पटीत? 'आधीच्या महिन्याच्या सरासरीच्या १२ पट' असे असेल तर धंद्याचा घोळ होतो. ऑगस्टमध्ये माल भरताना शिल्लक ४० हजार राहिली, की सप्टेंबरची मोफत मर्यादा ४ लाख ८० हजार. गणपतीचा गल्ला नेमका सप्टेंबरात येणार. दंडही भरा आणि रोखीचे शुल्कही भरा.

होम ब्रँच (खाते असलेली शाखा) सोडून दुसऱ्या शाखेत भरणा केला तर वेगळी, लहान मर्यादा असते का? मशीनमध्ये भरलेले पैसे त्याच मर्यादेत धरतात का? बहुतेक ठिकाणी धरतात.

आणि तुमच्या धंद्यात सगळ्यात महत्त्वाचे: दहा-वीसच्या नोटा. चहाच्या टपऱ्या आणि वडापावच्या गाड्या गिऱ्हाईक म्हटल्यावर त्या येणारच. लहान नोटांना काही बँका रकमेवर नाही, तर शंभर नोटांच्या पाकिटावर शुल्क लावतात. दहाच्या नोटांचे पाकीट हजार रुपयांचेच, पाचशेच्या नोटांचे पन्नास हजारांचे, आणि शुल्क दोघांना सारखेच. नाण्यांचे तर आणखी वेगळे. दरपत्रकात हे 'रोख हाताळणी' किंवा 'नोट मोजणी' अशा नावाखाली शेवटच्या पानावर सापडते.

साडेपाच लाख गुणिले बारा म्हणजे ६६ लाख. चालू खात्यात वर्षाला ५० लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ती माहिती आयकर खात्याला पाठवते. यात घाबरण्यासारखे काही नाही, पण जीएसटी रिटर्नमधली विक्री त्याच्याशी जुळली पाहिजे.

खतावणी

सरासरी शिल्लकेबद्दल थोडे, कारण इथेच सगळे फसतात. 'खाते २५ हजारांच्या खाली जाऊ द्यायचे नाही' असा नियम नाही. रोजची दिवसअखेरची शिल्लक बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायची. दहा दिवस २० हजार आणि वीस दिवस १ लाख ४० हजार असले तरी सरासरी बरोबर १ लाख येते.

त्यामुळे महिना हातातून गेला असे २५ तारखेलाही मानू नका. लाखाच्या खात्याला तीस दिवसांची बेरीज ३० लाख हवी. २५ पर्यंत २० लाख झाली असेल तर उरलेले पाच दिवस रोज रात्री २ लाख राहिले की भागले. शनिवार-रविवारच्या रात्रीही मोजल्या जातात. सप्लायरला शुक्रवारी संध्याकाळी पैसे सोडण्याऐवजी सोमवारी सकाळी सोडले तर त्याच रकमेच्या तीन रात्री तुमच्या खात्यावर राहतात. मात्र भरलेला पण न वटलेला चेक यात धरतात का ते विचारून घ्या.

तिमाही सरासरीवाले खाते मिळते का तेही बघा, हंगामी धंद्याला ते सोयीचे. पण कच्चा हिशोब करू नका. जुलै ६० हजार, ऑगस्ट ४० हजार, सप्टेंबर २ लाख. तिन्हींची सरासरी लाख वाटते ना? जुलै-ऑगस्ट ३१ दिवसांचे, सप्टेंबर ३० चा. ९२ दिवसांनी भागा, ९८,९१३ येतात. हजारभर रुपयांसाठी अख्ख्या तिमाहीचा दंड. बचत खात्यात दंड तुटीच्या प्रमाणात असावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, चालू खात्याला तो लागू नाही. रुपया कमी असो की लाख, दंड ठोक असू शकतो.

एनईएफटीवर डोके खपवू नका. १० हजारांपर्यंत अडीच रुपये, १ लाखापर्यंत ५, २ लाखांपर्यंत १५ आणि पुढे २५ ही कमाल मर्यादा आहे, वर जीएसटी. तुमच्या ३५ एनईएफटी लाखाच्या आतल्या असतील तर महिन्याला फार तर १७५ रु. ऑनलाइन एनईएफटी मोफत असलीच पाहिजे ही सक्ती फक्त बचत खात्यांसाठी आहे, तरी बऱ्याच बँका चालू खात्यालाही ऑनलाइनचे पैसे घेत नाहीत.

वडाळा_नाका

मध्येच विचारतो. बचत खात्यालाच क्यूआर लावून धंदा चालवला तर? यूपीआयला तर काही लागत नाही.

गल्ला_नंबर_चार

@वडाळा_नाका नको. बचत खाते धंद्यासाठी नाही आणि उलाढाल दिसली की बँक ते गोठवू शकते किंवा बदलून घ्यायला सांगते. लहान धंद्याला चालू खाते उघडणे अवघड नाही: गुमास्ता म्हणजे दुकान नोंदणी (कामगार थोडे असतील तर सूचनेची पावती) आणि उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी किंवा जीएसटी, असे दोन पुरावे पुरतात. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

यूपीआयचे म्हणाल तर, बँक खात्यातून आलेल्या यूपीआयवर व्यापाऱ्याला एमडीआर (व्यवहारामागे कापले जाणारे शुल्क) शून्य, जानेवारी २०२० पासून. पण गिऱ्हाइकाने रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून २ हजारांच्या वर दिले तर कापले जातात. साउंडबॉक्सचे भाडे वेगळे.

जमाखर्च

@द्रोण_पत्रावळी एक विचारायचे राहिले. सध्याचे 'लांबचे' खाते नुसते चालू आहे की कॅश क्रेडिट (सीसी), म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत उचल घेता येणारे कर्जखाते?

द्रोण_पत्रावळी

कॅश क्रेडिटच. ६ लाखांची लिमिट, साडेदहा टक्के. बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त वापरलेली असते. ते लिहायला हवे होते का?

जमाखर्च

हेच आधी लिहायला हवे होते साहेब, सगळा हिशोब उलटला!

तुमच्या पडून राहिलेल्या पैशाची किंमत आता साडेसहा टक्के नाही, साडेदहा टक्के आहे. कारण तो पैसा सीसीत गेला असता तर त्या रात्रीपासून व्याज कमी झाले असते. पुन्हा मांडतो. पहिली बँक: २५ हजारांवर २,६२५ अधिक रोखीचे १०,५००, एकूण १३,१२५. दुसरी: लाखावर १०,५०० अधिक दंड ४,५००, एकूण १५,०००. आता पहिली १,८७५ ने स्वस्त. म्हणजे तुमचे सीए बरोबर होते, फक्त कारण त्यांनी सांगितले नाही.

पण त्याआधी तिसरा पर्याय तपासा: रोख थेट सीसी खात्यातच भरायची. त्या बँकेचा दरही हजारी साडेतीन असेल आणि मोफत मर्यादा किमान २ लाख ३७ हजार ५०० असेल, तर पहिल्या बँकेपेक्षा ते महाग पडत नाही, शिवाय दोन खात्यांमधली ने-आण वाचते. शाखा लांब असेल तर त्याच बँकेची जवळची शाखा किंवा भरणा मशीन बघा, होम ब्रँच नसल्याची मर्यादा विचारून.

खतावणी

याला पुस्ती. सीसी असताना दुसरीकडे चालू खाते उघडायचे तर बँक तुमच्याकडून सर्व कर्जांचे लेखी हमीपत्र मागेल. ऑगस्ट २०२० पासून रिझर्व्ह बँकेचे यावर निर्बंध आहेत. लहान कर्जदाराला मनाई नाही, पण माहिती लपवायची नाही. आणि लिमिटच्या नूतनीकरणाला सीसी बँक खात्यातली उलाढाल बघते. विक्री १ कोटीची आणि सीसीत ३० लाखच फिरले, तर लिमिट वाढवून मागायला तोंड राहत नाही.

त्यामुळे आधी सीसी बँकेच्या मॅनेजरना ईमेल करा: महिन्याला साडेपाच लाख रोख, पैकी दहा-वीसच्या नोटा किती ते लिहा, आणि रोख हाताळणीत सवलत मागा. कर्जदार गिऱ्हाइकाला ती बऱ्याचदा मिळते. तोंडी 'करून देतो' चालणार नाही, सवलत किती महिन्यांसाठी ते उत्तरात लेखी हवे.

द्रोण_पत्रावळी

उद्याच मेल टाकतो. दहा-वीसच्या नोटा मोजायला आज रात्री पोराला बसवतो.