नॉरफेअरचा लाव्हा बंद केला, तर ती स्टेज एकास-एक सामन्यासाठी योग्य ठरेल का?

ऐरोलीकर_गच्ची यांनी विचारले:

नमस्कार. दिवाळीच्या सुटीत आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ या मारामारीच्या व्हिडिओ गेमची एक छोटी स्पर्धा घ्यायचे ठरले आहे आणि नियम लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. खेळणाऱ्यांत शाळकरी मुले आहेत, महाविद्यालयात जाणारी मंडळी आहेत आणि ठाण्याहून येणारे काही जुने खेळाडूही आहेत. बहुतेक नियमांवर एकमत झाले आहे. प्रत्येकाला ३ स्टॉक (म्हणजे जीव) द्यायचे, सामन्याला ७ मिनिटांची मर्यादा ठेवायची आणि आयटम (सामन्यात मध्येच मिळणाऱ्या वस्तू) पूर्ण बंद ठेवायचे, हे ठरले आहे. वाद उरला आहे तो केवळ एका स्टेजचा (लढतीच्या मैदानाचा), म्हणजे नॉरफेअरचा.

मुलांना ही स्टेज मनापासून आवडते, आणि मलाही आवडते. पाच अधांतरी प्लॅटफॉर्म, खाली उकळणारा लाव्हा, तो कधी खालून चढतो, कधी डावीकडून किंवा उजवीकडून भिंतीसारखा आत सरकतो आणि कधी पार्श्वभूमीतून प्रचंड लाट होऊन समोर येतो. मोठ्या खेळाडूंचे म्हणणे असे आहे की स्पर्धेत अशा गोष्टीला स्थान नसावे. मला सुचलेला मधला मार्ग असा, की अल्टिमेटच्या नियमांत स्टेजवरील हॅझर्ड, म्हणजे धोके, बंद करण्याची सोय आहेच, तेव्हा लाव्हा बंद करून नॉरफेअर यादीत ठेवावी. हा मार्ग योग्य आहे का? आणि लाव्हा चालू ठेवायचाच झाला, तर नव्या मुलांना तो ओळखायला आणि टाळायला कसे शिकवावे, हेही जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

कोपरी_पूर्व यांचे उत्तर:

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यात दडलेले आहे.

नॉरफेअरच्या लाव्हाबद्दल सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की तो दगा देत नाही. तो येताना दिसतो, आणि दोन्ही खेळाडूंना सारखाच दिसतो. नवी मुले आपल्या पात्रावर डोळे खिळवून खेळतात आणि म्हणून त्यांना तो अचानक आल्यासारखा वाटतो. त्यांना पहिली सवय ही लावावी की प्रतिस्पर्धी दूर असेल, हातघाई चालू नसेल, त्या प्रत्येक क्षणी नजर पडद्याच्या कडांवर आणि पार्श्वभूमीवर फिरली पाहिजे.

खालून चढणारा लाव्हा समजायला सोपा आहे, पण तो लढतीचा नेहमीचा हिशेब उलटा करतो. स्मॅशमध्ये एरवी खाली उभा असलेला खेळाडू सुखात असतो, कारण वरच्याला कधीतरी खाली उतरावेच लागते आणि उतरतानाच तो मार खातो. लाव्हा चढू लागला की ही सुरक्षित जागाच नाहीशी होते, दोघांनाही वर जावे लागते आणि जो आधी वर पोहोचतो तो दुसऱ्याची वाट अडवू शकतो. म्हणून लाव्हा खालच्या प्लॅटफॉर्मला भिडण्याची वाट न पाहता, तो हलताना दिसताच निघावे. निघताना दोन्ही उड्या एकदम खर्च करू नयेत. एक उडी हातात राखली, तर वर कोणी अडवले तरी दिशा बदलता येते.

बाजूने येणारी लाव्हाची भिंत मला या स्टेजचा सर्वांत सुंदर भाग वाटते. कबड्डीत बचावपटूंची साखळी चढाईपटूला कोपऱ्यात घेत जाते, तशी ती दोघांनाही एका बाजूला दाबत नेते आणि ज्यांना एकमेकांपासून लांब राहायचे असते त्यांनाही समोरासमोर आणते. अशा वेळी लाव्हाच्या आणि आपल्या मध्ये प्रतिस्पर्धी राहील अशी जागा घ्यावी. फेकण्याचे साधे डावही तेव्हा मोलाचे ठरतात, कारण लाव्हाच्या दिशेने फेकलेला प्रतिस्पर्धी थेट लाव्हावर जाऊन आदळतो. लाव्हाचा स्पर्श इजा करतो आणि पात्राला उडवतो. इजेची टक्केवारी (ती जितकी जास्त, तितके पात्र लांब उडते) बरीच वाढलेली असेल, तर तेवढ्यानेही स्टॉक जाऊ शकतो.

राहिली ती पार्श्वभूमीतून येणारी लाट. ती येण्यापूर्वी एका प्लॅटफॉर्मवर बंदिस्त निवारा प्रकट होतो आणि त्याच्या आत असलेला खेळाडू वाचतो. मुलांना सांगावे की निवारा दिसणे हीच लाटेची सूचना आहे. जागा एक आणि ती हवी असणारे अनेक, त्यामुळे खरी लढत लाटेशी होण्यापेक्षा निवाऱ्याच्या तोंडाशी होते. आत जाणे जमले नाही तरी सर्व संपत नाही, कारण अचूक वेळी घेतलेल्या डॉजने (अंग चुकवण्याने) किंवा शील्डनेही (ढालीनेही) लाट निभावता येते. हे कौशल्य मात्र सरावानेच येते. लाट जवळ येईपर्यंत बोट रोखून धरणे नवख्यांना फार जड जाते आणि बहुतेक जण घाईने आधीच डॉज करून बसतात.

याची तुलना ‘द ग्रेट केव्ह ऑफेन्सिव्ह’ या स्टेजशी करून पाहावी. तिथल्या धोक्याच्या पट्ट्यांना १०० टक्क्यांच्या वर इजा झालेल्या पात्राचा नुसता स्पर्श झाला तरी स्टॉक तत्काळ जातो. तिथे एका चुकीला दुसरी संधी नाही. नॉरफेअर बहुतेक वेळा ती संधी देते, आणि म्हणून धोकादायक स्टेजपैकी ही मला सर्वांत न्याय्य वाटते. माझे मत लाव्हा चालू ठेवावा असेच आहे.

घणसोली_काउंटरपिक यांचे उत्तर:

कोपरीच्या मित्रांनी लाव्हाचे केलेले वर्णन अचूक आहे आणि त्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य मला मान्य आहे. तरीही मी एकास-एक सामन्यांसाठी नॉरफेअरच्या विरोधात आहे. त्याचे कारण मात्र लाव्हा नाही.

ही स्टेज २००८ साली याच मालिकेतील आधीच्या ‘ब्रॉल’ या खेळात आली. त्या काळी काही स्पर्धांत ती काउंटरपिक म्हणून चालत असे, म्हणजे एक सामना हरलेल्या खेळाडूला पुढच्या सामन्यासाठी ती निवडता येई. पुढे ती याद्यांतून गेली, आणि त्यामागे केवळ लाव्हाचा राग नव्हता. या स्टेजला जमीनच नाही. जे आहेत ते पाच पातळ प्लॅटफॉर्म, आणि त्यांच्या कडांना लटकता येते. ब्रॉलमध्ये कड पकडली की प्रत्येक वेळी क्षणभर अभेद्यता मिळत असे. मेटा नाइटसारखे हवेत सहज वावरणारे पात्र घेऊन आघाडी मिळवलेला खेळाडू कड सोडून पुन्हा पकडत राहिला, तर त्याला गाठणे फार कठीण होई. अनेक स्पर्धांना किती वेळा कड पकडावी यावरच मर्यादा घालावी लागली होती. अल्टिमेटमध्ये जमिनीला पाय न लावता पुन्हा कड पकडली तर अभेद्यता मिळत नाही, त्यामुळे तो प्रकार बराच सौम्य झाला आहे. पण प्लॅटफॉर्मभोवती गोल फिरत पळत राहणे आजही शक्य आहे, कारण पाठलाग करणाऱ्याला अडवून धरता येईल असा कोपराच या स्टेजवर नाही.

आता आपल्या मधल्या मार्गाकडे वळतो. लाव्हा बंद केला की हे पळणे थांबत नाही, उलट अधिक सोपे होते. पळणाऱ्याला त्याच्या सुरक्षित कडेवरून हुसकावून लावणारी एकच गोष्ट या स्टेजवर आहे, आणि ती म्हणजे लाव्हा. खालून चढणारा लाव्हा खालच्या कडांवर लटकलेल्याला वर यायला लावतो, बाजूची भिंत दोघांना जवळ आणते, लाट सर्वांना एका निवाऱ्याकडे धाव घ्यायला लावते. ही सक्ती काढून घेतली, की उरतात पाच प्लॅटफॉर्म आणि आघाडी घेऊन ७ मिनिटे संपण्याची वाट पाहणारा खेळाडू. पोकेमॉन स्टेडियम २ हॅझर्ड बंद केल्यावर उत्तम स्थिर स्टेज बनते, कारण तिचे रूप बदलणे थांबल्यावर मागे चांगला पाया शिल्लक राहतो. लायलॅट क्रूझचेही तसेच आहे, तिचे कलणे थांबते आणि लढण्याजोगी जागा राहते. नॉरफेअरच्या बाबतीत मागे राहणारा पायाच नाही. म्हणून मी म्हणतो, ती खेळायची तर लाव्हासह खेळावी, नाहीतर खेळूच नये.

आणि लाव्हासह एकास-एक का नको, तर पात्रांतील अंतरामुळे. आपल्याकडे कोणी लिटल मॅक खेळणारा असेल तर त्याचा विचार करा. जमिनीवर तो भयंकर आहे, पण हवेत अगदी दुबळा. ज्या स्टेजवर मिनिटा-मिनिटाला हवेतून जागा बदलावी लागते, तिथे तो पात्र निवडतानाच निम्मा हरलेला असतो. जिग्लिपफ किंवा मेटा नाइट घेतलेल्याला तोच लाव्हा जवळपास जाणवत नाही. मैत्रीच्या खेळात हे चालते, पण चषक ज्याच्या हाती जाणार त्या सामन्यात मला ते पटत नाही.

नेरूळची_सॅमस यांचे उत्तर:

दोन्ही दादांचे वाचून आनंद झाला. घणसोलीच्या दादांनी मांडलेला मुद्दा, की लाव्हा बंद केल्याने ही स्टेज सुधारत नाही तर बिघडते, तो मला अगदी आतून पटतो. मी ‘मेट्रॉइड’ या व्हिडिओ गेम मालिकेच्या प्रेमातून स्मॅशकडे आले आहे, म्हणून त्याची दुसरी बाजू सांगावीशी वाटते.

नॉरफेअर हे झेबेस ग्रहाच्या पोटातील तप्त क्षेत्र. १९८६ च्या पहिल्या ‘मेट्रॉइड’मध्ये ते आहे, आणि १९९४ च्या ‘सुपर मेट्रॉइड’मध्ये तर त्याच्या सर्वांत तापलेल्या दालनांत व्हारिया सूट (उष्णतेपासून वाचवणारा पोशाख) नसताना पाऊल टाकले, की कोणी शत्रू समोर नसतानाही मालिकेची नायिका सॅमस हिची ऊर्जा घटत जाते. त्या खेळात नॉरफेअरची ओळखच ही आहे की तिथे जागा स्वतः तुमच्या विरुद्ध लढते. स्मॅशच्या रचनाकारांनी ती ओळख जपली. चार पात्रे एकमेकांशी झुंजत असताना पाचवी शक्ती म्हणून ग्रह त्यांच्यावर चालून येतो. असा लाव्हा बंद करून आपण केवळ अडथळा काढत नाही, त्या जागेचे नाव तेवढे शिल्लक ठेवतो.

म्हणून माझी सूचना अशी, की नॉरफेअर एकास-एक सामन्यांच्या यादीतून काढावी आणि तिला वेगळा, मानाचा कार्यक्रम द्यावा. दोन-दोनच्या जोड्या करून लाव्हासह दुहेरी सामने ठेवावेत. जोडी असली की निवाऱ्याला खरा अर्थ येतो. साथीदाराला आत जाऊ द्यायचे आणि आपण बाहेर राहून डॉजवर विसंबायचे, की दोघांनी मिळून प्रतिस्पर्ध्याला दारापासून हुसकावायचे, हे निर्णय त्या काही क्षणांत घ्यावे लागतात आणि ते घेताना मुले आपोआप एकमेकांना हाका मारू लागतात. लिटल मॅकचा प्रश्नही इथे बराच हलका होतो, कारण त्याला वरच्या प्लॅटफॉर्मवर शिरण्यासाठी जागा करून देणारे कोणीतरी असते. आमच्याकडे सीवूड्सच्या मुलांबरोबर आम्ही असेच खेळतो आणि वयाने सर्वांत लहान मुलेच पार्श्वभूमीकडे सर्वांत आधी पाहायला शिकतात.

एक व्यवहाराची गोष्टही सांगते. अल्टिमेटमध्ये नियमांचे वेगवेगळे संच जतन करता येतात. एकास-एक सामन्यांसाठी हॅझर्ड बंद असलेला एक संच आणि दुहेरीसाठी हॅझर्ड चालू असलेला दुसरा, असे दोन आधीच तयार करून त्यांना मराठीत बोलताना गोंधळ होणार नाही अशी नावे द्यावीत. स्पर्धेच्या गडबडीत प्रत्येक वेळी नियमांच्या पानावर जाऊन बदल करत बसलात, तर कोणता तरी सामना चुकीच्या नियमांनी सुरू होईलच.

ऐरोलीकर_गच्ची यांचे प्रत्युत्तर:

तिघांचेही मनापासून आभार. लाव्हा बंद केल्यावर पळणाऱ्याला हुसकावणारे कोणी उरत नाही, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. नेरूळच्या ताईंची दुहेरी सामन्यांची सूचना आम्ही स्वीकारत आहोत. एक शंका उरते. दोन मुलांना एकास-एक सामनेही नॉरफेअरच्या देखाव्यातच हवे आहेत. त्यांच्यासाठी या स्टेजचे बॅटलफिल्ड रूप यादीत ठेवले तर कोणाची हरकत असेल का?

घणसोली_काउंटरपिक यांचे उत्तर:

माझी काहीही हरकत नाही. अल्टिमेटमध्ये स्टेजना बॅटलफिल्ड रूप आणि ओमेगा रूप दिलेले आहे. बॅटलफिल्ड रूपात खाली घट्ट जमीन आणि वर तीन प्लॅटफॉर्म अशी मूळ बॅटलफिल्डचीच मांडणी असते आणि ओमेगा रूप पूर्ण सपाट असते. दोन्हींत लाव्हा केवळ पार्श्वभूमीला राहतो, तो कोणाला स्पर्श करत नाही. यादीत मात्र एक स्पष्ट ओळ लिहावी, की बॅटलफिल्ड आणि नॉरफेअरचे बॅटलफिल्ड रूप ही एकच स्टेज मानली जाईल. नाहीतर एखादा खेळाडू एकीला नकार दिल्यावर दुसरी मागेल आणि नकाराचा हक्क वाया जाईल.

कोपरी_पूर्व यांचे उत्तर:

त्याला जोडून इतकेच, की दुहेरी सामन्यांत साथीदाराचा मारही लागेल, ही सेटिंग चालू ठेवावी. ती बंद असेल तर निवाऱ्याच्या तोंडाशी दोघे डोळे मिटून वार करत सुटतात आणि जागेचा विचारच होत नाही. आम्ही ठाण्याहून चौघे जण येऊ. दुहेरीसाठी आमच्या दोन जोड्या धराव्यात आणि नोंदणी कुठे करायची ते इथेच कळवावे.