नाताळच्या झाडाने नक्की कोणाच्या भावना दुखावतात?

निशिगंध
दोन दिवसांपासून एकच पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरतेय: 'इंग्लंड-अमेरिकेत आता नाताळचं झाडही लावता येत नाही, कारण परधर्मीयांच्या भावना दुखावतात!' मी उत्तर द्यायला गेले तर 'इथे राजकारण नको' म्हणून मलाच दटावलं. पोस्ट मात्र जागच्या जागी. म्हणून इथे लिहिते.

बर्मिंगहॅमचं उदाहरण त्यात आहेच, नसतं तर नवल. 1997 आणि 1998 मध्ये तिथल्या कौन्सिलने हिवाळ्यातल्या सगळ्या कार्यक्रमांची एकत्र जाहिरात करायला 'विंटरव्हल' असं नाव काढलं. लगेच 'नाताळ रद्द केला' अशी बोंब. अहो, कौन्सिलच्या इमारतीवर 'मेरी ख्रिसमस'चा फलक लटकत होता, चौकात झाडं होती, शाळेची पोरं कॅरल गात होती! पुढे 2011 मध्ये डेली मेल या ब्रिटिश वृत्तपत्राला याबद्दल दुरुस्ती छापावी लागली. ती कोण फॉरवर्ड करणार?

दुसरं सिअ‍ॅटलचं. डिसेंबर 2006, सी-टॅक विमानतळ. एका रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी म्हटलं, झाडांच्या जोडीला आमचा मेनोराही (ज्यूंचा सणाचा दीपवृक्ष) ठेवा. विमानतळवाल्यांनी काय करावं? रातोरात झाडंच काढली! रब्बी सांगत राहिले की झाडं काढा असं मी म्हटलेलंच नाही. शिव्यांची पत्रं मात्र त्यांना आली. काही दिवसांत झाडं परत लागली.

दुखावलेला माणूस दाखवा म्हटलं की कोणी सापडत नाही. साहेब लोक आपल्याच मनाने घाबरतात आणि बिल भलत्याच्या नावावर फाडतात.

आडवा_तिडवा
रब्बींच्या वकिलाने खटल्याची धमकी दिली होती, ते सोयीस्करपणे गाळलंत. की माहीत नव्हतं?

आणि 'कोणी सापडत नाही'? कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकात उद्यानात येशूजन्माचे देखावे मांडायची जवळजवळ साठ वर्षांची प्रथा होती. 2011 मध्ये जागांसाठी सोडत काढावी लागली, 21 पैकी 18 जागा नास्तिकांकडे गेल्या. पुढच्या वर्षी शहराने कटकट नको म्हणून सगळंच बंद केलं. साठ वर्षं कोणाचं काही बिघडलं नव्हतं. बहुसंख्यांनी सण साजरा केला की तो 'वर्चस्व', आणि त्याच जागेवर दुसऱ्याने त्यांची टर उडवली की ते 'स्वातंत्र्य'. वा!

निशिगंध
धमकी होती, मान्य. पण ती मेनोरा लावा म्हणून होती, झाड काढा म्हणून नाही. माझा मुद्दा तोच आहे, पुन्हा वाचा. सावकाश.

वकिलीणबाई
दोघंही भावनांवर भांडताय. अमेरिकेत कोर्ट 'कोण दुखावलं' असं विचारत नाही, सरकार एका धर्माच्या बाजूने उभं राहिलंय का ते बघतं. स्वतःच्या अंगणात हत्तीएवढा येशू उभारा, कोणी विचारणार नाही. भांडण आहे ते कोर्टाच्या जिन्याचं आणि नगरपालिकेच्या पैशाचं.

1984 चा ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटचा खटला बघा. शहराच्या देखाव्यात गोठ्यातला बाळ येशू होता आणि त्याच्या आजूबाजूला सांताचं घर, रेनडिअर, पुठ्ठ्याचा विदूषक, हत्ती आणि टेडी बेअर. सुप्रीम कोर्ट 5 विरुद्ध 4 मतांनी चालेल म्हणालं. 1989 चा निकाल पिट्सबर्गचा: तिथल्या कोर्टाच्या मुख्य जिन्यावर तसाच गोठा एकटा ठेवलेला, वर देवदूताच्या हातात लॅटिन स्तुती. तो घटनाबाह्य! पण जवळच्याच सरकारी इमारतीबाहेर 45 फुटी झाडाशेजारी 18 फुटी मेनोरा होता, तो चालला. तेव्हापासून वकील मंडळी चेष्टेत 'रेनडिअरचा नियम' म्हणतात: देवाशेजारी पुरेसं प्लास्टिक ठेवलं की देव सेक्युलर होतो.

आडवा_तिडवा
म्हणजे श्रद्धावंताने आपल्या देवाशेजारी टेडी बेअर ठेवला तरच परवानगी. आणि अपमान कोणाचा होतो तर म्हणे इतरांचा!

वकिलीणबाई
हे तुम्ही पहिल्यांदाच बरोबर बोललात. देखावा धार्मिक नाही हे सिद्ध करायला धार्मिक लोकच धडपडतात, ही त्यातली खरी गंमत. मात्र सुप्रीम कोर्टाच्या न्या. ओकॉनर यांचं म्हणणंही खोटं नव्हतं: सरकारने एका धर्माला मान्यता दिली की बाकीच्यांना आपण इथे उपरे आहोत असा निरोप जातो. असा निरोप जातो का, ही त्यांची कसोटी 2022 मध्ये कोर्टाने मोडीत काढली म्हणा. खुश?

जुनाट
कोणी इतिहास वाचतं का? नाताळवर खरी बंदी घातली ती अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या कडव्या प्युरिटन पंथाच्या ख्रिश्चनांनी, 1659 मध्ये. सण पाळताना सापडलात तर पाच शिलिंग दंड. 1681 पर्यंत चाललं. 'आमच्या परंपरेवर हल्ला' म्हणणाऱ्यांच्या पूर्वजांनीच ही परंपरा धाब्यावर बसवली होती.

प्राजक्ता_ताई
तुमचं सुप्रीम कोर्ट राहू द्या बाजूला. खरी दादागिरी बघायची तर सोसायटीत या. आम्ही दिवाळीला घराला दिव्यांच्या माळा लावल्या. लगेच एचओएचं, म्हणजे घरमालकांच्या संघटनेचं पत्र: सणाची रोषणाई नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतरच, अन्यथा दंड. कोणाचा सण ते लिहायची गरजच नाही! शेजाऱ्यांचा फुगवायचा सांता मात्र जानेवारी संपला तरी लॉनवर. दिवसा हवा गेलेली, पालथा पडलेला, रात्री पंखा घुरघुरत पुन्हा उठून उभा, आणि तो पंखा आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली. त्याला पत्र नाही.

मिहीर_टीएक्स
ताई, मी आमच्या एचओएच्या बोर्डावर आहे. घर घेताना नियमावलीवर सही तुम्हीच केलीत. आता रडून काय उपयोग? बोर्डावर बसून बघा, लोक कशाकशावर तक्रार करतात ते कळेल.

प्राजक्ता_ताई
रडत कोण आहे? नियम सगळ्यांना सारखा लावा एवढंच म्हणतेय. तुमच्यासारखे दोन लोक बोर्डावर बसले की त्यांना गावच्या पाटलासारखं वाटायला लागतं.

मिहीर_टीएक्स
फुकट, संध्याकाळी जेवण सोडून काम करतो आम्ही. पाटील म्हणे.

वकिलीणबाई
सही केली म्हणजे सगळं संपत नाही, मिहीर. आयडाहोत एका कुटुंबाने घरावर दोन लाख दिवे लावले, बसने लोक आणले, जिवंत उंटही आणला. पुढे दुसऱ्या वस्तीत घर घेताना तिथल्या एचओएने पत्र धाडलं, त्यात नियमांसोबत 'इथे काही रहिवासी ख्रिश्चन नाहीत' असंही लिहून ठेवलं. कुटुंबाने धार्मिक भेदभावाचा खटला भरला. 2018 मध्ये ज्युरीने कुटुंबाला 75,000 डॉलर दिले, 2019 मध्ये न्यायाधीशांनी ते फिरवलं, मग वरच्या कोर्टात. एचओएवाले गर्दी आणि उजेड एवढ्यावर थांबले असते तर धर्माचा मुद्दा निघालाच नसता.

निशिगंध
बघा!! इथेही त्या ख्रिश्चन नसलेल्या रहिवाशांना कोणी विचारलं होतं का? बोर्डानेच परस्पर त्यांची ढाल केली. धाग्याचा मुद्दा सिद्ध, धन्यवाद.

आडवा_तिडवा
सगळ्यातून तुमचाच मुद्दा सिद्ध होतो, हे बरंय. ठीक आहे, या एका प्रकरणात बोर्डाने आगाऊपणा केला. सँटा मोनिकाचं उत्तर अजून आलेलं नाही, ते मी विसरलेलो नाही.

निशिगंध
सोडत शहराने ठेवली, नास्तिकांनी नियमाने अर्ज केले. 2013 मध्ये फ्लोरिडाच्या विधानभवनात गोठ्याचा खासगी देखावा मांडू दिला, तर मागोमाग टोमणा म्हणून कोणाचा तरी बिअरच्या डब्यांचा खांबही आला. जागा सगळ्यांना खुली म्हणायची आणि सगळे आले की दचकायचं?

आडवा_तिडवा
बिअरचे डबे आणि साठ वर्षांची श्रद्धा एकाच तागडीत. तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

प्राजक्ता_ताई
मिहीर, भांडण राहू दे. थँक्सगिव्हिंगची ती अट बदलायची असेल तर काय करावं लागतं?

मिहीर_टीएक्स
तुमची नियमावली बघा. आमच्याकडे दोन तृतीयांश घरांची मतं लागतात. मीटिंगला दहा माणसं येतात आणि दहाही कचऱ्याच्या डब्यांवर बोलून जातात. प्रॉक्सी फॉर्म (न येणाऱ्याचं मत दुसऱ्याने द्यायचा कागद) घेऊन घरोघर फिरायची तयारी ठेवा. आणि सुरुवात त्या सांतावाल्यापासून करा, माळा लवकर लावायला त्यालाही आवडेल.