गाव उठवायचं, तर कौल कोणाचा?

खाडीकाठ
कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधल्या लिटल बे आयलंड्स या बेटावरच्या गावानं २०१५ साली मतदान केलं: सरकारी भरपाई घेऊन गाव सोडायचं की राहायचं? ९५ पैकी ८५ जण जायचं म्हणाले. ८९.४७ टक्के. नियम ९० टक्क्यांचा, म्हणून गाव राहिलं, पण दुही घेऊन राहिलं. २०१९ मध्ये सगळ्यांनीच होकार दिला. ३१ डिसेंबरला वीज तोडली, फेरीबोट थांबली. एक जोडपं तेवढं सौरऊर्जेवर मागे राहिलं.

त्या प्रांतात हे जुनंच आहे. १९५४ ते १९७५ या काळात सुमारे ३०० गावं उठली, ३०,००० माणसं हलली. आधी अख्ख्या गावाची संमती लागायची. १९६५ पासून ९० टक्के, मग ८० टक्के पुरू लागली. कागदावर सक्ती कुठेच नव्हती. पण मास्तर गेला, पाद्री गेला, टपाल बंद पडलं, की उरलेल्यांनी कशाच्या जोरावर नाही म्हणायचं? शेजाऱ्यांच्या मतांनी माझं घर उठत असेल, तर त्याला मी संमती म्हणणार नाही.

आडगावकर
अजिबात पटलं नाही. रस्ता नाही, डॉक्टर नाही, हिवाळ्यात समुद्र गोठला की बोट नाही. अशा वाडीत अडलेल्या बाईचं काय होतं हे मला विचारा. माझी आजी बाळंतपणात गेली, कारण पावसाळ्यात नदीला उतार नव्हता. गावाचं प्रेम दुरून करायला सोपं असतं.

खाडीकाठ
आजीबद्दल वाचून वाईट वाटलं. डॉक्टरचा मुद्दा मान्य. पण पोट? त्याच प्रांतातल्या प्लासेन्शिया उपसागरातल्या बेटांवरची कुटुंबं आर्नल्ड्स कोव्हसारख्या ठिकाणी आणली. तिथल्या मासेमारीच्या चांगल्या जागा तिथल्या लोकांनी आधीच धरलेल्या होत्या. मग उन्हाळ्यात पुरुष परत जुन्याच बेटांवर जाऊन जाळी टाकायचे. कोळ्याला त्याच्या पाण्यापासून तोडलं, की नव्या घराचं तो काय करणार?

उधाण
ते पाणी तरी कुठं टिकलं? २ जुलै १९९२ ला कॉड मासेमारीवर बंदी आली, ३०,००० लोकांचा रोजगार गेला. ती गावं तेव्हा रिकामी झालीच असती.

खाडीकाठ
कॉड संपवला मोठ्या ट्रॉलरांनी. किनाऱ्यालगत मासे मारणारे लोक आधीपासून सांगत होते की जाळ्यात मासा कमी येतोय. ज्यांना समुद्र कळत होता त्यांचं ऐकलं गेलं नाही, हीच तर माझी तक्रार आहे.

शिवसागर
आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. तुम्ही ९० टक्के की ८० यावर भांडताय, आम्हाला मत कोणी विचारलंच नाही. तिकडच्या लोकांनी लाकडी घरांना रिकामी पिंपं बांधली, भरतीची वाट पाहिली आणि अख्खी घरं बोटींनी ओढत पलीकडच्या काठाला नेली. त्याचे फोटो मी कितीदा पाहिलेत. आमच्या आज्यानं दाराची चौकट तेवढी बैलगाडीत घातली होती. मला तरी विचारणं ही मोठी गोष्ट वाटते.

आडगावकर
शिवसागर यांच्याशी सहमत. शिवाय पैशांचं कोणी बोलत नाही. १९६५ मध्ये घरामागे १,००० डॉलर आणि माणशी २०० मिळायचे. लिटल बे आयलंड्सला घरामागे अडीच लाख डॉलर किंवा त्याहून जास्त. २०१५ मध्ये दहा जणांमुळे पंच्याऐंशी जण चार वर्षं अडकले. त्यात म्हातारी, आजारी माणसंही असतील. ती सक्ती नाही?

खाडीकाठ
आहे. हे मी आधी धरलं नव्हतं. आता होकाराची मर्यादा ७५ टक्क्यांवर आणली आहे, पण त्यानं फक्त अडकणारे बदलतील. माझ्या मते मतदानच नको. ज्या घराला जायचंय त्याला भरपाई द्या आणि जाऊ द्या. वीज आणि फेरीबोट मात्र शेवटचं घर असेपर्यंत चालू ठेवा.

उधाण
एका घरासाठी फेरीबोट? खर्च कोणी द्यायचा?

खाडीकाठ
आम्ही. मी न्यूफाउंडलंडच्या राजधानीत, सेंट जॉन्समध्ये राहतो, इथेच कर भरतो. त्या बोटीसाठी माझ्याकडून थोडा जास्त घेतला तरी माझी ना नाही.