मदत हवी आहे : डेटाबेससाठी घरबसल्या कोणता अभ्यासक्रम करावा?

नमस्कार. मी ऐरोलीतील एका कंपनीत सहा वर्षे ॲप्लिकेशन सपोर्टचे काम करीत असून आता डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेशनकडे वळू इच्छितो. ठाण्याहून शिफ्टसाठी ये-जा करताना क्लासच्या वेळा जमत नाहीत. यापूर्वी एक व्हिडिओ संच विकत घेतला होता. त्यात जॉइन (दोन टेबलांतील माहिती जोडणे) उत्तम शिकवले होते, परंतु घेतलेला बॅकअप रिस्टोअर करून दाखवायची वेळ आली तेव्हा शिक्षकांनी केवळ स्लाइड पुढे सरकवली, आणि माझ्या मते डीबीएची (डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटरची) खरी कसोटी नेमकी तिथेच लागते.

सध्या ओरॅकलची एसक्यूएलची १झेड०-०७१ ही परीक्षा देऊन पुढे आरमॅन हे ओरॅकलचे बॅकअप-रिस्टोअरचे साधन शिकावे, की अझ्युअर या क्लाउड सेवेवर भर असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डीपी-३०० या परीक्षेची तयारी करावी, याचा निर्णय होत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस मोफत असल्याने त्यावर सराव चालू आहे. मागील रविवारी मुद्दाम एक टेबल उडवले आणि बेस बॅकअप (संपूर्ण डेटाबेसची प्रत) व वॉल फायलींच्या (बदलांची नोंद ठेवणाऱ्या फायलींच्या) आधारे ते परत आणेपर्यंत चार तास गेले.

नोकरी सांभाळून हा बदल केलेल्यांनी, प्रत्यक्ष लॅब असलेला कोणता अभ्यासक्रम उपयोगी पडला आणि महापे-रबाळे भागातील मुलाखतींत प्रमाणपत्राला कितपत वजन मिळाले, हे कृपया सांगावे. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. ओरॅकलचे व्हर्च्युअल मशीन त्यावर तग धरेल का?