शारिक ते शारिकोव

कथेत पाळीव प्राण्याला माणसाचे नाव देणे ही निव्वळ गंमत असते, हे मत मला पटत नाही. मात्र उलटा प्रवास, म्हणजे माणसाने प्राण्याचे नाव घेणे, मला अधिक अर्थपूर्ण वाटतो. 'इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड' या १९८९ च्या चित्रपटात 'इंडियाना' हे घरच्या कुत्र्याचे नाव होते, असे नायक इंडियाना जोन्सचे वडील हेन्री सांगतात, तेव्हा मुलाने बापाचे नाव टाकून कुत्र्याचे पत्करले, एवढ्यावरूनच त्या दोघांमधला दुरावा कळतो. (या पात्राचे जनक जॉर्ज लुकास यांच्या कुत्र्याचेही नाव तेच होते.) रशियन लेखक मिखाईल बुल्गाकोव यांनी १९२५ मध्ये लिहिलेल्या 'हार्ट ऑफ अ डॉग' या लघुकादंबरीत शस्त्रक्रियेने माणूस झालेला शारिक हा कुत्रा पहिले नाव नवे घेतो, पण आडनाव वंशपरंपरागत म्हणून 'शारिकोव' ठेवतो आणि त्याच नावाची अधिकृत कागदपत्रे हक्काने मागतो. ती मागणी मला त्या कथेतली सर्वांत अस्वस्थ करणारी जागा वाटते.