प्रति: रोजच्या वापराला घड्याळ

ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं) की क्वार्ट्झ (सेलवर चालणारं), असं विचारलंत. रोज घालून वर्षानुवर्षं टिकवायचं तर मी क्वार्ट्झच म्हणेन. दोन-तीन वर्षांनी सेल बदलला की झालं. ऑटोमॅटिकचं यंत्र अधूनमधून उघडून साफ करून तेल द्यावं लागतं, आणि ते काम नीट करणारा कारागीर आता शोधावा लागतो.

त्याहून जास्त लक्ष काचेकडे द्या. साधी मिनरल काच भिंतीला, ग्रॅनाइटच्या ओट्याला घासली की चरे पडतात आणि ते जात नाहीत. सफायर काच महाग, पण त्यावर सहजी ओरखडा उठत नाही. इथे पैसे वाचवू नका.

पट्टा १८ किंवा २० मिमीचा बघा, कुठेही मिळतो. आणि घड्याळ पाण्यात किती टिकेल हे सांगणारा आकडा बघा: ‘३० मीटर’ म्हणजे फक्त हात धुण्यापुरतं! आपल्या पावसाळ्यात गाडी चालवणार असाल तर निदान ५० तरी हवं.