आईकडची लँडलाइन बंद करावी का?

रातांबा:
आई दापोलीजवळ गावी एकटी राहते, वय ७८. माजघरातली लँडलाइन १९९३ची. बाबांनी नंबर लावून कैक वर्षं वाट पाहिली होती. आता तांब्याची वायर जाऊन फायबर येणार, नंबर तोच राहील म्हणतात. भाऊ म्हणतो, मोबाइल आहे ना तिच्याकडे, बंद करून टाक. पण मोबाइल ती उचलते कुठे! ओले हात पदराला पुसून येईस्तोवर रिंग संपते. आली तरी हिरव्या गोलावर नुसतं बोट टेकवते, सरकवायचं राहून जातं. लँडलाइनची घंटा मात्र मागच्या पडवीपर्यंत ऐकू जाते. काय करावं?

पिंपळपान:
आम्ही केली बंद. बँकेत, गॅसवाल्याकडे कुठे कुठे तो नंबर दिलाय ते आधी बघा. शेवटचं बिल आणि इन्स्ट्रुमेंट परत दिल्याची पावती जपून ठेवा, डिपॉझिट मागताना लागते.

जुनाजोड:
माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लाइट गेली तरी लँडलाइन चालायची, कारण तिची वीज तुमच्या घरची नव्हतीच. एक्सचेंजच्या बॅटरी रूममधून ४८ व्होल्ट डीसी त्याच तांब्याच्या जोडीतून यायचा. खांबावर जोड मारताना नेमकी रिंग आली की बोटांना सणसणीत झटका बसे, रिंगचा करंट वेगळा आणि जास्त व्होल्टचा असतो. फायबरमधून फक्त प्रकाश येतो. त्याचा आवाज करणारा मोडेमचा डबा घरात बसवतात, त्या डब्याला वीज नसेल तर फोन मेला. कोकणातल्या पावसात हे आधी विचारात घ्या.

पण मोबाइलच्या भरवशावरही राहू नका. टॉवरही बॅटरी आणि डिझेलवरच तग धरतात. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात तुमच्याकडे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

माझं मत, नंबर सोडू नका. फायबर घ्या, डबा इन्व्हर्टरवर टाका आणि आईचा फोन डब्याच्या मागे लावा. चकतीचा असेल तर घंटा वाजेल, पण बऱ्याच डब्यांवर त्यावरून नंबर फिरवता येत नाही. मग बटणांचा घ्या.

सुरंगी:
सिम घालायचा टेबलफोनही मिळतो. रिसीव्हर, मोठी बटणं, आत स्वतःची बॅटरी. माझ्या सासूबाई तोच वापरतात. रेंज मात्र घरात नीट हवी.

रातांबा:
फोन बटणांचाच आहे. माजघरात रेंज नाही, त्यामुळे सिमवाला नको. इन्व्हर्टरची लाइन फक्त स्वयंपाकघरात आहे, तर डबा तिथेच बसवतो. आई दिवसभर तिथेच असते. भावालाही पटलंय.

जुनाजोड:
उत्तम. चुलीपासून लांब बसवा. आणि वायर खिडकीतून आत घेताना काटकोनात दुमडू देऊ नका, आत काच असते.